अर्थ कोणी सांगावा?

चाळीस वर्षे कीर्तनाच्या पूर्वरंगात वचनांची फोड करीत आलो. परंतु हा अर्थ सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला, गुरुपरंपरेने की ग्रंथाने, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आज नाताळच्या निमित्ताने तो पुन्हा आठवला. कारण याच प्रश्नावरून ख्रिस्ती जगत पाचशे वर्षांपूर्वी दुभंगले, आणि त्याचे दोन्ही पक्ष आपल्या मराठीत ग्रंथरूपाने उभे आहेत.

१५२१ साली वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथरने पोपचा व धर्मपरिषदांचा शब्द अंतिम मानण्यास नकार दिला. त्याला बायबल हेच प्रमाण. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने उलट बजावले, की चर्चने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणीही स्वमताने शास्त्रार्थ करू नये. एकाला श्रुती पुरे. दुसऱ्याला श्रुतीबरोबर संप्रदायही हवा.

जन्माने इंग्रज असलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. १६१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्यांनी श्रोत्यांच्या हाती मूळ बायबल दिले नाही, कथा दिली. ग्रंथाचा अर्थ चर्चच्या हातीच राहिला.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. ते चर्च रोमपासून तुटलेले खरे, पण तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन चर्चचा शब्द कॅथलिकांइतकाच प्रमाण मानणाऱ्या. त्रैक्याचा सिद्धांत बायबलात त्या शब्दांत कोठे आहे, असे रमाबाईंनी विचारताच दोघींत पत्रांचा वाद पेटला. भटभिक्षुकांचे जोखड नुकतेच उतरवून आलेल्या या विदुषीने दुसऱ्या पुरोहितांचे का वाहावे? पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व अवघे बायबल मराठीत आणू लागल्या.

परंतु वाचकहो, येथे एक मौज आहे. चर्चच्या आज्ञेत राहणाऱ्या स्टीफन्सनी स्वर्गाला निःशंकपणे ‘वैकुंठ’ म्हटले. उलट, कोणाची आज्ञा न मानणाऱ्या रमाबाईंनी, अडाणी स्त्रीलाही कळावे आणि जुन्या धर्मकल्पना मागे याव्यात नयेत म्हणून, संस्कृत वळणाचे धार्मिक शब्द कटाक्षाने गाळले. संस्कृतावर पोसलेल्या माझ्या मनाला ते बोचते. पण शब्द निवडणे हेच भाष्य नव्हे काय? केवळ ग्रंथ प्रमाण मानणाराही अनुवादाला बसला की भाष्यकार होतो.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बायबल सर्व श्रद्धाळूंना मोकळे केले. अर्थनिर्णय मात्र चर्चकडेच ठेवला. माझा कल रमाबाईंकडे आहे. तरी गुरूवाचून पोथी उघडताना माझा हात आजही अडखळतो.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविले ते केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी.