घरच्या पटाचे नियम परभाषेंत

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोंगट्या खेळल्या जातात, त्या घरांत सोंगट्यांचे नियम लिहून ठेवलेले सहसा सांपडत नाहींत. श्राद्धाची पोथी असते, जुनीं पंचांगें असतात, लोणच्याच्या मसाल्याचें टिपणही कोणा आत्याबाईंच्या हातचें निघतें. परंतु फुलीवरील सोंगटी मारतां येते कीं नाहीं, हें पाहण्यास कोणी कागद शोधूं लागला तर त्याचे श्रम व्यर्थ जातील. हे नियम घरांतील वडील माणसांच्या जिभेवर असतात, आणि तंटा झाल्यावांचून ते तेथून खालीं उतरत नाहींत. वाचकांनीं आपापल्या घरीं याची प्रचीति पाहावी.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्याचें कारण असें. आमची एक पुतणी यजमानांसह कांहीं वर्षांपासून जकार्ता येथें राहते. तिनें नेलेला कापडी सारीपाट शेजारच्या मुलांनीं पाहिला, आणि तो त्यांना इतका आवडला कीं, "काका, नियम लिहून पाठवा, मी ते इंडोनेशियन भाषेंत उतरवून त्यांना देतें," असें तिचें पत्र आलें. वस्तुतः हे नियम ठाऊक आहेत ते तिच्या मातोश्रींना, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनींना. परंतु त्यांचें वय एक्याऐंशीं, दूरध्वनीवर त्यांना ऐकूं येत नाहीं, आणि लिहिण्याचा त्यांना कंटाळा. तेव्हां त्यांनीं सांगावें, आम्हीं लिहावें व पुतणीनें भाषांतर करावें, अशी व्यवस्था ठरली.

आम्ही राहतों महाबळेश्वरास. येथें वर्षास दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वीं घरांच्या भिंतींना गवताच्या तट्ट्या बांधून माणसें आषाढ-श्रावण आंत काढीत. अशा गांवीं बैठ्या खेळांना तोटा नव्हता. शिवाय या गांवाचा मलायी भाषेशीं एक जुना, फारसा सुखाचा नव्हे असा, संबंध आहे. इंग्रजांनीं माल्कम पेठ वसविल्यानंतर येथील तुरुंगांत मलाक्केच्या बाजूचे चिनी व मलायी कैदी ठेवले होते; बटाट्यासारख्या भाज्यांची लागवड व वेताचें काम ते करीत, आणि एका धबधब्यास 'चायनामन्स फॉल' हें नांव राहिलें तें त्याच काळाची खूण म्हणून. ते कैदी आपसांत जी मलायी बोलत असतील, तिच्याच पोटांतून आजची इंडोनेशियन भाषा निघाली. १९२८ सालीं तेथील तरुणांच्या परिषदेनें तिला ऐक्याची भाषा म्हणून स्वीकारलें, व १९४५ च्या राज्यघटनेनें ती राज्यभाषा झाली.

पुतणीनें आमचा मराठी मजकूर प्रथम हातांतील फोनच्या भाषांतर-यंत्रांतून काढून पाहिला. त्याचा परिणाम मौजेचा झाला. 'सोंगटी घरांत आली' येथें यंत्रानें 'रूमाह' हा शब्द घातला. रूमाह म्हणजे राहावयाचें घर. शेजारणीचा धाकटा मुलगा पटावर घर कोठें आहे तें शोधीत बसला. पटावरच्या घराला तिकडे 'पेताक' म्हणतात, आणि तोच शब्द भाताच्या खाचराच्या तुकड्यासही लावतात. 'डाव' या शब्दानें तर यंत्र पुरतें हैराण केलें. 'डाव कोणाचा?' यांत डाव म्हणजे पाळी, तिकडील 'गिलिरान'. 'डाव संपला' यांत डाव म्हणजे सबंध खेळ. 'चांगला डाव पडला' यांत डाव म्हणजे कवड्यांची एक फेंक. 'त्यानें डाव साधला' यांत काय आहे, तें नियमांत लिहिण्याजोगें नाहीं. आपल्याला एका शब्दांत हे सर्व अर्थ बिनबोभाट कळतात, कारण बोलणारा समोर बसलेला असतो व त्याचा हात पटावर असतो. कागदावर हात नसतो.

कवड्यांची अडचण निराळी. फांशास तिकडे 'दादू' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनीं नेलेला, व तो घनाकृति फांशाचा. सहा कवड्या फेंकून उताण्या किती पडल्या तें मोजावयाचें, एक उताणी पडल्यास दहा, एकही न पडल्यास पंचवीस, ही कल्पना दादूंत मावत नाहीं. पण जावांतील मुलांना कवडी परकी नाहीं. खळग्यांच्या फळीवर खेळावयाचा 'चोंगक्लाक' नांवाचा त्यांचा खेळ आहे, आपल्या तमिळ मुलखांतील पल्लांगुळीच्या जातीचा. त्यांत कवड्या घालतात. फरक इतकाच कीं तेथें कवडी ही मोजण्याची वस्तु, नशीब सांगणारी नव्हे. पुतणीनें म्हणून शब्द शोधीत न बसतां उताण्या व पालथ्या कवडीचें चित्रच काढून दिलें. आमच्या मतें तें उत्तम भाषांतर होय.

आणखी एक भेद पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे सोंगटी मारतात व ती मरते. इंडोनेशियन मुलें सोंगटी 'खातात'; 'माकान' म्हणजे खाणें, हेंच क्रियापद ते पटावर वापरतात. थोरल्या वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "खाऊं देत बापडे, पण पाटावर बसून खा म्हणावें."

सारीपाट उरकल्यावर पुतणीनें बुद्धिबळाच्या देशी पद्धतीचे नियमही मागितले, कारण शेजारीण व तिचे यजमान दोघेंही बुद्धिबळ खेळणारीं. येथें आम्हांस वाटलें कीं आतां काम सोपें. बुद्धिबळास इंडोनेशियन नांवच 'चातुर', म्हणजे आपल्या चतुरंगाचा पूर्वार्ध. राजा तो राजाच. आपला वजीर त्यांचा 'मंत्री', उच्चारीं 'मन्तेरी'. प्याद्यास 'बिदाक' म्हणतात. तो अरबीच्या वाटेनें गेलेला, मूळ फारशी पायदळाच्या शब्दाचा वंशज, म्हणजे आपल्या प्याद्याचा चुलतभाऊ. 'शह' तिकडे डच लोकांच्या तोंडून 'स्काक' होऊन पोहोंचला. परंतु ओळखीचा शब्द भेटला कीं मनुष्य बेसावध होतो, आणि येथें तसा एक शब्द दबा धरून बसलेला आहे. तो म्हणजे 'गजाह'.

गज म्हणजे हत्ती, हें तिसऱ्या इयत्तेंतील मुलासही ठाऊक असतें. मराठी पटावर हत्ती कोपऱ्यांत उभा राहतो व सरळ जातो. तिरपा जातो तो उंट. इंडोनेशियांत मात्र गजाह हा घोड्याच्या शेजारीं, आपल्या उंटाच्या जागीं उभा असतो व तिरपा चालतो. कोपऱ्यांत असतो तो 'बेन्तेंग', म्हणजे किल्ला. उंट तेथें नाहींच. सातारच्या मनुष्यानें 'हत्ती सरळ चालतो' या वाक्याचें शब्दशः भाषांतर केलें, तर जकार्तेचा खेळाडू आपला उंट सरळ रेटूं लागेल, आणि दोघेही एकमेकांस अडाणी म्हणतील. कोशाप्रमाणें भाषांतर बिनचूक, पटाप्रमाणें खेळाचा सत्यानाश! जुनेपणाचा मान मात्र या वादांत त्यांच्याकडेच जातो. कारण अरबी-फारशी खेळांतही त्या घरांत 'फील', म्हणजे हत्तीच, होता.

तशीच गोष्ट घोड्याच्या चालीची. आपण म्हणतों, घोडा अडीच घरें चालतो. हें अडीच इंडोनेशियनमध्यें सांगितल्यास समोरचा मनुष्य अर्धें घर कोठें आहे असें विचारतो. ते या चालीस रोमन लिपींतील 'एल' अक्षराची उपमा देतात. आणि देशी पद्धतींत राजास, त्याला शह बसला नसेल तर, एकदां घोड्याची उडी घेतां येते; हें वाचून शेजारणीच्या यजमानांनीं नियम पुन्हा वाचून दाखविण्यास सांगितलें. प्यादें पहिल्या चालीसही एकच घर चालतें, व तें शेवटच्या रांगेंत पोहोंचलें म्हणजे त्याचा मन मानेल तेव्हां वजीर होत नाहीं, तर त्या घराचें मूळ मोहरें जें असेल तें होतें, हेंही त्यांना नवलाचें वाटलें.

हे नियम आज सातारा-सांगलीकडेही थोड्यांसच ठाऊक असतील. भाऊसाहेब पडसलगीकरांनीं उभारलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळें सांगली ही बुद्धिबळाची पंढरी झाली, भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडू तेथून निघाल्या. पण तो सारा खेळ आंतरराष्ट्रीय नियमांचा. १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झालेल्या जागतिक संघाचे ते नियम, आणि भाषांतरांत मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण, असा दंडक. देशी पद्धतींत वाढलेला पंजाबचा सुलतान खान विलायतेस गेला तो हे नवे नियम मागाहून शिकूनच, आणि १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन दाखविता झाला. तेव्हां एका नियमांतून दुसऱ्यांत जाणें अशक्य नव्हे. मात्र मागचें दार सहसा बंद होतें.

हें आपल्या प्रांतांत पूर्वींच एकदां घडलें आहे. पेशवाई अजून उभी होती तेव्हां त्रिवेंगडाचार्य शास्त्री नांवाच्या पंडितानें बुद्धिबळावर 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचें इंग्रजी भाषांतर मुंबईस १८१४ सालीं छापलें गेलें, आणि तें युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलें आहे, हें त्याच्या नांवांतच सांगितलेलें आहे. म्हणजे शास्त्रीबोवांच्या संस्कृताबरोबर पटही विलायती झाला! त्याहीपूर्वीं, सतराव्या शतकांत, पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठांनीं आपल्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे नियम संस्कृतांत घातले. राजनीतीच्या ग्रंथांत खेळास जागा देणें त्यांना कमीपणाचें वाटलें नाहीं, हें आजच्या पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु खरी कसोटी शब्दांत नव्हती, ती क्रियापदांत होती. आपले सर्व नियम विध्यर्थांत असतात: सोंगटी न्यावी, मारावी, बसवावी. या 'वी'चा अर्थ केलीच पाहिजे असा कीं केली तरी चालेल असा? इंडोनेशियनमध्यें येथें दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'हारुस' म्हणजे केलेंच पाहिजे. 'बोलेह' म्हणजे करण्यास मुभा आहे. दोहोंपैकीं एक घातल्यावांचून नियमाचें वाक्य पुरें होत नाहीं, आणि आमच्या विध्यर्थासारखा मधला आडोसा नियम लिहिणाराच्या उपयोगी पडत नाहीं.

आमच्या मीमांसकांनीं हा घोळ फार पूर्वीं ओळखला होता. अपूर्व, नियम आणि परिसंख्या असे विधीचे तीन प्रकार त्यांनीं केले. पांच नखांच्या प्राण्यांपैकीं अमुक पांच खावे, या वचनाचा अर्थ ते खाल्लेच पाहिजेत असा नव्हे, बाकीचे खाऊं नयेत एवढाच, असा त्यांचा निर्णय. आतां आमचा पट घ्या. 'वाटेंत परकी सोंगटी सांपडल्यास मारावी.' हा कोणता विधि? आमच्या घरीं मुभा. खेळाडूस वाटल्यास मारावी, नपेक्षां सोडावी. आमच्या कुटुंबाच्या माहेरीं, वाईस, सक्ति. न मारल्यास सोंगटी जप्त! गेलीं चाळीस वर्षें या दोन घराण्यांचीं माणसें एकाच पटावर खेळत आलीं, आणि दर दिवाळीस रुसवेफुगवे झाले, त्याचें मूळ या एका 'वी'त होतें. तें जकार्तेच्या 'बोलेह'नें उघडें पाडलें.

निवाडा करावयाचा कोणीं? प्रश्न घेऊन आम्ही वहिनींकडे गेलों. वर्तमानपत्र वाचण्याइतकी दृष्टि त्यांना राहिलेली नाहीं, पण पट बोटांनीं चांचपून त्या घरें मोजतात. "नियम सांगा" म्हटलें तर एकही नियम त्यांना आठवत नाहीं. सोंगट्या मांडून आम्हीं मुद्दाम चुकीची चाल केली कीं मात्र, "भावजी, तें चालत नाहीं," असें ताबडतोब येतें. या रीतीनें, चूक करून करून, आठ दुपारीं आम्हीं सव्वीस नियम लिहून काढले. त्यांतील निदान सात-आठ घरांत दुसऱ्या कोणासच ठाऊक नव्हते. आमच्या नातवंडांना लूडो येतो, जो विलायतेंत १८९६ सालीं याच पटावरून काढून नोंदविला गेला. सापशिडी येते, जी आपल्या मोक्षपटावरून तिकडे गेली व इंडोनेशियांत 'उलार तांग्गा' म्हणून खेळली जाते. दोहोंचे नियम पेटीच्या झांकणावर छापलेले असतात. आमच्या कापडी पटास झांकण नाहीं.

सर्वनामाचा एक लहानसा खल येथें नोंदवून ठेवतों. हिंदीत किंवा इंग्रजींत नसलेला 'आम्ही' व 'आपण' हा भेद इंडोनेशियनमध्यें जसाच्या तसा आहे: 'कामी' म्हणजे ऐकणारास वगळून आम्ही, 'किता' म्हणजे त्याला धरून आपण. नियमांच्या मथळ्यावर पुतणीनें प्रथम 'कामींचा खेळ' अशा अर्थाचें लिहिलें होतें. शेजारणीनें तें वाचलें व स्वतःच खोडून 'किता' केलें, असें पुतणी कळविते.

कागद गेल्यावर पंधरा दिवसांनीं तिकडून एक शंका आली. चौघे खेळत असतां एकाच्या चारही सोंगट्या मध्यघरीं पोहोंचल्या, तर त्यानें आपल्या पुढच्या फेंकी समोरच्या भिडूस द्याव्या कीं नाहीं? सव्वीस नियमांत याचें उत्तर नव्हतें. आम्हीं पट मांडला. वहिनी थोडा वेळ कवड्या हातांत खुळखुळवीत बसल्या, मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाई देऊं देत असत, पण दोनदांच. तिसऱ्यांदा मागितल्या तर रागवत." आम्हीं त्याच सासूबाईंच्या मांडीवर बसून हा खेळ पाहिला, पण हें 'दोनदांच' आमच्याही कानीं कधीं पडलें नव्हतें. पुतणीस तसें लिहिलें. तिनें सत्ताविसावा नियम म्हणून तें घातलें आहे: अगोदर 'बोलेह', व पुढें 'दुआ काली', म्हणजे दोन वेळां.