केसांचा नाडीव्रण : तो पुन्हा का उलटतो?

शहादा हा ऊस, केळी व पपईच्या बागायतीचा तालुका. येथील अनेक तरुणांचा दिवस ट्रॅक्टर किंवा मालमोटारीच्या आसनावर जातो. अशा एखाद्या तरुणास माकडहाडाजवळ गळू होते, ते फुटते, पू वाहून जातो आणि बरे वाटते. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा सूज येते. जागा अवघड, म्हणून तो कोणास सांगत नाही. शेवटी शस्त्रक्रिया होते. तीनंतरही दुखणे उलटले, की ते आपल्या नशिबीच आहे असे तो समजतो. हा समज निराधार आहे.

या व्याधीस वैद्यकशास्त्रात ‘पायलोनिडल सायनस’, म्हणजे ‘केसांचे घरटे’, असे म्हणतात. हे नाव १८८० साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक हॉजेस यांनी दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे ८० हजार जवानांना या विकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. खडबडीत रस्त्यांवरील प्रवासामुळे त्यास ‘जीपचा आजार’ असेही नाव पडले.

कारण काय?

दोन्ही नितंबांमधील खोल खाचेत घाम साचतो व घर्षण होते. गळलेले केस तेथील त्वचेत शिरतात आणि आत पुवाची नळी तयार होते. पुष्कळदा हा भगंदर समजला जातो. परंतु भगंदराचा मार्ग गुदमार्गाशी जोडलेला असतो, याचा नसतो.

रोगट भाग काढून जखम खाचेच्या मध्यरेषेवरच शिवली, तर खाच पूर्वीइतकीच खोल राहते. ओलसर जागेतील टाके नीट भरून येत नाहीत आणि केस पुन्हा शिरतात. पुनरावृत्तीचे मुख्य कारण हेच होय.

योग्य शस्त्रक्रिया

म्हणून उलटलेल्या व्याधीत केवळ नळी काढणे पुरेसे नसते. खाच उथळ करून टाके मध्यरेषेपासून बाजूला न्यावे लागतात. ग्रीक शल्यचिकित्सक कारिडाकिस यांनी १९७३ साली अशी पद्धत मांडली. लिंबर्ग पद्धतीत रोगट भाग समभुज चौकोनाच्या आकारात काढून शेजारची त्वचा चरबीसह फिरवून तेथे बसवितात. या पद्धतींनी पुनरावृत्तीचे प्रमाण बरेच घटते. मात्र पुवाने भरलेले गळू असल्यास प्रथम पू काढून, सूज ओसरल्यावर ही शस्त्रक्रिया करणे इष्ट ठरते.

नंतरची काळजी

टाके भरेपर्यंत दीर्घकाळ बसणे व वाहन चालविणे टाळावे. रोज स्वच्छ स्नान करावे, त्या भागातील केस वैद्यकीय सल्ल्याने काढत राहावे आणि धूम्रपान सोडावे. त्याने जखम भरण्यास विलंब होतो.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी तरुणांच्या मनातील संकोच दूर करावा. गावठी चिरफाड न करता रुग्णास शासकीय रुग्णालयातील शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. कार्यालयप्रमुखांनीही त्यास पुरेशी विश्रांती मिळू द्यावी. लपविलेले दुखणे वाढते. वेळीच दाखविलेले बरे होते.