विश्लेषण : फुटलेली फायबर बोट दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

पवना, इंद्रायणी आणि मुळा या तीन नद्यांच्या काठावर वसलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये पावसाळ्यात बोट ही चैनीची वस्तू राहत नाही. धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. मग संत तुकाराम नगर येथील महापालिकेच्या मुख्य अग्निशमन केंद्रासह शहरातील बचाव यंत्रणेला पाण्यात उतरावे लागते. अशा कामातील फायबरची बोट खडकावर आपटली, तळाला भेग गेली किंवा इंजिनाजवळचा भाग हलू लागला, तर ती दुरुस्त करायची की निर्लेखित करून नवी घ्यायची, हा प्रश्न केवळ खर्चाचा नसतो. त्याचे उत्तर कसे काढायचे, याविषयी…

फायबरची बोट नेमकी कशाची बनलेली असते?

काचेच्या तंतूंची मॅट किंवा विणलेले कापड साच्यात थरावर थर अंथरून त्यात पॉलिएस्टर रेझिन मुरवले जाते. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते कडक होते. बाहेरून दिसणारा गुळगुळीत, रंगीत थर म्हणजे जेलकोट. तो पाण्यापासून व उन्हापासून संरक्षण देतो. मात्र बोटीची ताकद त्यात नसते, ती आतल्या काचेच्या थरांत असते. तळाला ताठपणा देण्यासाठी आतून बरगड्या बसवतात. मागच्या बाजूला इंजिन अडकवतात तो उभा फळा, म्हणजे ट्रान्सम, बहुतेक वेळा प्लायवूडवर फायबरचे थर चढवून केलेला असतो. बोट उलटली तरी बुडू नये म्हणून काही कप्प्यांत फोम भरतात. दुरुस्तीचा निर्णय यांपैकी कोणत्या भागाला धक्का बसला आहे, यावर अवलंबून असतो.

मोठे भोक जास्त धोकादायक की बारीक भेग?

भोक दिसते, म्हणून त्याची भीती वाटते. प्रत्यक्षात बरगड्यांपासून दूर, तळाच्या मोकळ्या भागात पडलेले वितभर भोक नीट बुजवता येते. याउलट ट्रान्समच्या कोपऱ्यातील केसाएवढी भेग आत कुजलेल्या प्लायवूडची खूण असू शकते. जेलकोटवरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा अनेकदा वरवरच्या असतात. पण त्याच रेषा एखाद्या बरगडीच्या सरळ ओळीत धावत असतील, तर तळ त्या बरगडीवर वारंवार वाकतो आहे असे समजावे. नदीपात्रातील खडक, बंधारे, पुलाचे खांब आणि पुराबरोबर वाहत येणारी लाकडे यांचा मार नेमका तळाला आणि ट्रान्समला बसतो. जलपर्णी पंख्यात अडकून इंजिन एकदम थांबले, तर तो झटकाही ट्रान्समलाच सोसावा लागतो.

आतले नुकसान कसे ओळखायचे?

पहिली तपासणी कानाची. प्लॅस्टिकच्या मुठीच्या हातोडीने किंवा नाण्याने तळावर हळूहळू ठोकत जावे. घट्ट भागातून टणटणीत आवाज येतो. थर एकमेकांपासून सुटले असतील किंवा आत पाणी शिरले असेल तर आवाज बद्द येतो. असा भाग खडूने आखून घेतला की नुकसानीचा खरा नकाशा समोर येतो आणि तो बाहेरून दिसणाऱ्या भेगेपेक्षा बराच मोठा निघू शकतो. दुसरी तपासणी वजनाची. कोरड्या बोटीचे वजन मूळ वजनापेक्षा बरेच वाढले असेल, तर फोम किंवा प्लायवूडने पाणी धरले आहे. तिसरी तपासणी ट्रान्समची. इंजिन धरून मागे-पुढे रेटल्यावर फळा वाकत असेल, तर शंकेला जागा उरत नाही. संशय असल्यास आतल्या बाजूने छोटे छिद्र पाडून बाहेर येणारा भुसा पाहतात. तो कोरडा व फिकट असेल तर लाकूड ठीक. ओला आणि काळपट असेल तर कुजलेले.

योग्य दुरुस्ती म्हणजे काय?

भोकावर मॅटचा तुकडा चिकटवला, वरून लांबी भरली आणि रंग मारला, ही दुरुस्ती नव्हे. नव्या थरांची जुन्या फायबरवर पकड बसण्यासाठी भोकाच्या कडा ग्राइंडरने उतरत्या घासाव्या लागतात. जाडीच्या साधारण १२ पट उतार ही प्रचलित मोजणी आहे. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीच्या तळाला १० सेंटिमीटरचे भोक असेल, तर चारही बाजूंनी ६-६ सेंटिमीटर घासून एकूण २२ सेंटिमीटरचा भाग नव्याने बांधावा लागतो. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर सुमारे १ मिलिमीटर जाडी देतो, म्हणजे येथे किमान पाच थर हवेत. पृष्ठभाग पूर्ण कोरडा आणि तेलमुक्त हवा. हार्डनरचे प्रमाण सामान्यतः १ ते २ टक्के असते. ते अंदाजाने ओतले की थर एकतर कच्चा राहतो किंवा तापून ठिसूळ होतो.

चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात फायबरचे काम करणारी वर्कशॉप आहेत, ही जमेची बाजू. मात्र वाहनाचा दर्शनी भाग चकाचक करणे आणि पाण्याचा मार सोसणारा तळ बांधणे ही वेगळी कामे आहेत. वेळही महत्त्वाची. जुलैच्या दमट हवेत ओल्या बोटीवर थर नीट धरत नाहीत. फेब्रुवारी ते मे हा त्यासाठी योग्य काळ; कडक उन्हाळ्यात सावलीत, सकाळच्या वेळी काम करावे लागते.

पैशांचे गणित कसे मांडायचे?

सर्वसाधारण चूक अशी, की दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नव्या बोटीच्या किमतीशी केली जाते. तुलना दुरुस्तीनंतर त्या जुन्या बोटीला किती किंमत येईल, याच्याशी हवी. सागरी विमा कायदा, १९६३ मध्येही हेच तत्त्व आहे : दुरुस्तीचा खर्च दुरुस्त झालेल्या जहाजाच्या मूल्यापेक्षा जास्त होत असेल, तर ते पूर्ण नुकसानीसारखे धरता येते.

दुसरा निकष उरलेल्या वर्षांचा. समजा, नवी बोट ४ लाखांची असून १५ वर्षे चालेल, तर वर्षाला सुमारे २७ हजार रुपये पडतात. जुन्या बोटीवर १ लाख १० हजार खर्च करून ती आणखी चारच वर्षे चालणार असेल, तर वर्षाला साडेसत्तावीस हजार होतात. वरकरणी चौथ्या हिश्शात झालेली दुरुस्ती प्रत्यक्षात स्वस्त नाही, हे या मांडणीतून दिसते. तीच बोट दहा वर्षे चालणार असेल, तर दुरुस्तीच शहाणपणाची.

कोकणातील मच्छीमारापुढे हे गणित आणखी कठीण असते. तौक्ते वादळानंतर २०२१ मध्ये राज्य सरकारने अंशतः नुकसान झालेल्या बोटीसाठी १० हजार आणि पूर्ण नष्ट झालेल्या बोटीसाठी २५ हजार रुपये मदत जाहीर केली होती. एवढ्या रकमेत नवी बोट येत नाही. त्यामुळे मोडीत काढण्याजोगी बोटही डागडुजी करून समुद्रात नेण्याचा मोह होतो.

बचावकार्याच्या बोटीला वेगळा निकष का?

मासेमारीची किंवा सहलीची बोट जपून वापरता येते. ‘आता थोडी कमी माणसे बसवू’ असे ठरवता येते. पुरात ते शक्य नसते. पाणी वाढत असते, घराच्या छतावर माणसे थांबलेली असतात आणि आलेल्या बोटीत सगळेच बसू पाहतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून १७ जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. बचावाची बोट सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत जास्त भार घेऊन चालते, हा त्यातील धडा.

म्हणून येथे खर्चाआधी एकच प्रश्न विचारायला हवा : दुरुस्तीनंतर ही बोट मूळ क्षमतेएवढी माणसे आणि इंजिनाचा पूर्ण जोर पेलेल, असे जबाबदार तंत्रज्ञ लेखी देईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर वाळूच्या गोण्यांचा तेवढा भार ठेवून शांत पाण्यात चाचणी घ्यावी, काही तासांनी तळात पाणी आले का ते पाहावे आणि मगच बोट ताफ्यात घ्यावी. उत्तर ‘बहुधा’ असेल, तर बोट निर्लेखित करावी.

मोडीत काढलेल्या बोटीचे काय?

फायबर एकदा कडक झाले की वितळवून पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे भंगारात त्याला लोखंडासारखा भाव नाही. फ्रान्समध्ये २०१९ पासून जुन्या बोटी मोडण्यासाठी उत्पादकांच्या योगदानातून चालणारी व्यवस्था आहे. आपल्याकडे अशी बोट बहुधा आवारात पडून राहते किंवा लिलावात जाते. अखंड बोट लिलावात विकली, तर ती रंग लावून दुसऱ्या गावाच्या तलावात किंवा पुरात पुन्हा उतरू शकते. इंजिन, कड्या, वल्ही काढून घेऊन तळ कापून टाकणे, हाच निर्लेखनाचा शेवटचा टप्पा असायला हवा. तळ कापला नाही, तर कागदावर बाद झालेली बोट कोणाच्या तरी जिवावर पुन्हा चालू राहते.