फोनवरची ‘अटक’ : घाबरू नका, फोन ठेवा

दुपारची वेळ. मुले नोकरीच्या गावी, घरात निवृत्त पतीपत्नी दोघेच. फोन वाजतो. पलीकडचा माणूस कुरियर कंपनीचे नाव सांगून म्हणतो, ‘‘तुमच्या आधार क्रमांकावरून परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. पोलिसांशी बोला.’’ लगेच व्हिडिओ कॉल येतो. समोर गणवेशातला ‘अधिकारी’, मागे भिंतीवर पोलिसांचे बोधचिन्ह. ज्यांनी आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्यांचे हातपाय इथेच गळतात.

या फसवणुकीला ‘डिजिटल अरेस्ट’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. अडाणी माणसेच फसतात हा गैरसमज आहे. २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी व्हिडिओवर दाखवून ७ कोटी रुपयांना फसवले. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारीही या जाळ्यात सापडले आहेत.

भीती हेच भांडवल

भामट्यांची पद्धत ठरलेली असते. आधी धक्का द्यायचा, मग विचार करायला वेळ द्यायचा नाही. ‘‘प्रकरण गोपनीय आहे, घरात कोणाला सांगितलेत तर त्यांनाही अटक होईल,’’ असे बजावून माणसाला एकटे पाडायचे. कॅमेरा रात्रंदिवस चालू ठेवायला लावायचा. शेवटी, ‘‘तुमचे पैसे तपासणीसाठी या खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील,’’ असे सांगायचे. मुदत ठेव मोडताना बँकेत काय कारण सांगायचे, हेसुद्धा तेच पढवतात.

म्हणूनच घाई, गुप्तता आणि पैशाची मागणी या तीन गोष्टी एकत्र आल्या, की समजावे, समोर भामटाच आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही. अटक प्रत्यक्ष येऊन करावी लागते, नातेवाइकांना कळवावे लागते आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. पोलीस, सीबीआय किंवा कस्टम्स कोणीही व्हिडिओ कॉलवर जबाब घेऊन पैसे भरायला सांगत नाही. ‘तपासणीसाठी’ पैसे ठेवण्याचे खाते रिझर्व्ह बँकेकडेही नसते. २०२५ मध्ये हरियाणातील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि तपासासाठी सीबीआयला पुढे केले.

तेव्हा असा फोन आला तर वाद घालू नका, स्वतःचे निर्दोषत्व पटवत बसू नका. फोन ठेवा. शंका उरलीच तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा. आधार क्रमांक, ओटीपी वा यूपीआय पिन सांगू नका. कोणी पाठवलेले अॅप मोबाइलवर उतरवू नका.

पैसे गेलेच तर

एक क्षणही दवडू नका. भामटे ही रक्कम दुसऱ्यांच्या नावावरच्या अनेक खात्यांतून भराभर फिरवतात. ती काढून घेतली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर वाटेतच गोठवता येते. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक फिरवा, आपल्या बँकेला कळवा आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, फोन नंबर आणि आलेले संदेश जपून ठेवा, काहीही पुसून टाकू नका.

घरच्यांचे काम

पुष्कळ वयस्कर माणसे पैशांपेक्षा ‘मुले काय म्हणतील’ या धास्तीने गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसा हातचा निसटतो. म्हणून मुलासुनांनी, लेकीजावयांनी आधीच सांगून ठेवावे, ‘‘आईबाबा, असा फोन आला तर आधी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही.’’ १९३० हा क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. फसलेल्याला ‘एवढे शिकून कसे फसलात?’ असे विचारू नये. गुन्हा भामट्याने केलेला असतो, आईवडिलांनी नव्हे. ज्या घरात चूक बोलून दाखवायची भीती नसते, तिथे भामट्याने घातलेली भीतीही फार वेळ टिकत नाही.