कोड, थायरॉईड आणि गव्हाची पोळी

एकाच रुग्णात तीन किंवा अधिक स्वयंप्रतिकार विकार आढळले, की डॉक्टर त्याला ‘मल्टिपल ऑटोइम्यून सिंड्रोम’ म्हणतात. त्यात कोड अनेकदा असतं.

कोड असणाऱ्यांना पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने एकत्र आणलं; सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ने (२००६) हा विषय पडद्यावर आणला. लोकांची नजर डागांवरच खिळते. पाहायला हवं ते रक्त: कोड असलेल्यांत थायरॉईडचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून रक्तातलं टीएसएच (थायरॉईडची चाचणी) तपासायचं.

टाइप १ मधुमेह हाही असाच स्वयंप्रतिकार विकार. तो असलेल्या मुलांत थायरॉईडबरोबर सिलिअ‍ॅक आजारही (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) शोधावा लागतो. सहाव्या गुणसूत्रावरची काही एचएलए जनुकं या आजारांत सामाईक असतात. वजन वाढेना, हिमोग्लोबिन कमी, इन्सुलिन तेवढंच असूनही साखर वारंवार उतरते? मग सिलिअ‍ॅकसाठीची टीटीजी ही रक्ततपासणी. निदान पक्कं झालं, की गव्हाची पोळी कायमची बंद. ज्वारी-बाजरीची भाकरी चालते (नशीब आपलं!), पण पीठ गहू दळलेल्या गिरणीतलं नको. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

मात्र तपासणीआधीच गहू सोडू नका. रिपोर्ट चुकीचा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.