हळदीच्या मुळांवरील सूत्रकृमि व त्यांची वैरी बुरशी

हिमायतनगर, म्हणजे जुनें वाढोणें, व पैनगंगेच्या कांठचा पट्टा येथें ज्यांच्या विहिरीस पाणी आहे असे पुष्कळ शेतकरी हळद लावितात. श्रावण-भाद्रपदांत एखाद्या शेतांत ठिकठिकाणीं झाडांचे पुंजके पिवळे व खुजे दिसूं लागतात. पानांच्या कडा वाळतात, फुटवे कमी येतात. खत कमी पडलें असें समजून मालक युरियाची आणखी एक गोणी आणतो, आणि पीक आहे तसेंच राहतें. आमची विनंति अशी कीं, गोणी आणण्यापूर्वीं तसलें एक झाड कुदळीनें उकरून त्याचीं मुळें पाण्यांत धुवून पाहावीं. मुळांवर मण्यांसारख्या गांठी दिसल्या तर रोग खताच्या उणीवेचा नसून सूत्रकृमींचा आहे. हरभऱ्याच्या मुळांवरही गांठी असतात. पण त्या उपकारक जिवाणूंच्या असून मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असतात व नखानें सुटतात. सूत्रकृमीच्या गांठींत मूळच सुजलेलें असतें.

आपल्या देशांत ह्या गांठींची नोंद प्रथम १९०१ सालीं दक्षिणेंतील चहाच्या मुळांवर बार्बर यांनीं केली. हा कृमि नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. मादी मुळांत ठाण मांडून रस शोषते व बुळबुळीत आवरणांत कांहीं शें अंडीं घालते. उबदार जमिनींत सुमारें एका महिन्यांत नवी पिढी तयार होते. हळद शेतांत आठ-नऊ महिने उभी असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नुकसानीचा अंदाज येईल.

ह्या अंड्यांचा एक शत्रु मातींतच राहतो. १९७९ सालीं पेरू देशांत बटाट्याच्या मुळांवरील अंडीं एक बुरशी खात असल्याचें जताला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. तिचें आजचें नांव पर्पुरिओसिलियम लिलासिनम. २०११ पूर्वीं तिला पॅसिलोमायसिस म्हणत. पुडीवर जुनें नांव दिसल्यास गोंधळूं नये.

बुरशीस दांत नाहींत. तिचें सारें काम विकरांनीं चालतें. पपईच्या चिकानें मांस मऊ होतें हें आपल्या घरांतून ठाऊक आहे. त्या चिकांतील विकर प्रथिनें तोडतें, आणि तशाच जातीचें विकर ही बुरशी स्रवते. अंड्याच्या कवचास तीन थर असतात: बाहेर प्रथिनाचा, मध्यें कायटिनाचा आणि आंत स्निग्ध पदार्थांचा. खेकड्याचें कवच ज्याचें असतें तेंच हें कायटिन. बुरशीचा धागा अंड्यावर चिकटून बसतो, एका विकरानें प्रथिन व दुसऱ्यानें कायटिन विरघळवितो, आणि पडलेल्या भोंकांतून आंत शिरून गर्भ खाऊन टाकतो. अंडें पळूं शकत नाहीं, म्हणूनच हा शिकारी अंड्यांवर भारी पडतो. हिंडत्या कृमीची कातडी कायटिनाची नसून प्रथिनाची असते. त्यास आर्थ्रोबॉट्रिस ही दुसरी बुरशी धाग्यांच्या फांसांत अडकविते. झोफ यांनीं ती शिकार १८८८ सालींच पाहिली होती.

मुळांत आंत बसलेल्या मादीपर्यंत आपली बुरशी सहसा पोंचत नाहीं, आणि सुजलेलें मूळ पुन्हां बरें होत नाहीं. उभें पीक पिवळें पडल्यावर पुडी टाकून चमत्काराची वाट पाहणारे निराश होतील. तिचें काम लागवडीच्या वेळीं सुरू व्हावयास हवें. एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतांत दोन किलो बुरशी मिसळून ढीग सावलींत पंधरा दिवस ओलसर ठेवावा व मग सरींत घालावा. २६ ते ३० अंश उष्णता तिला मानवते. आपल्या वैशाखाच्या उन्हांत उघडा टाकलेला ढीग म्हणजे पैसे जाळणेंच. त्याच दिवसांत बुरशीनाशकाची आळवणी करूं नये. मिसळतांना तोंडास फडकें बांधावें व डोळे जपावे. क्वचित् ती डोळ्यांसही अपाय करते.

बेणें मात्र गांठी नसलेल्या शेतांतलेंच घ्यावें. सोयऱ्याच्या घरचें फुकट मिळालें म्हणून आणलेल्या कंदांतून हा कृमि गांवोगांवीं फिरतो. बांधावर व मधून मधून झेंडू लावल्यानेंही कृमि कमी होतात, शिवाय दसऱ्यास फुलें विकतां येतात. शंका असल्यास रोगी झाडाचीं मुळें व लगतची ओली माती पिशवींत बांधून, उन्हांत न वाळवितां, परभणीच्या कृषि विद्यापीठांत किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावी.