एक बटण, अठरापगड फाइली

मुंबईतल्या माहुलच्या परिसरात १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पहिला आज हिंदुस्तान पेट्रोलियमचा, दुसरा भारत पेट्रोलियमचा. कारखान्यांच्या मागोमाग टँकर आले आणि टँकरच्या मागोमाग कागद: आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, स्फोटक विभागाचा परवाना, टाकीचा कॅलिब्रेशन चार्ट. टँकरमालकाच्या ऑफिसात गाड्यांची यादी एक्सेलमध्ये असते, पण कागद विखुरलेले. विमा पीडीएफमध्ये, पत्र वर्डमध्ये, फिटनेसचा मोबाइलवर काढलेला फोटो. गाडीच्या ओळीवर क्लिक केले की हवा तो कागद उघडावा, एवढीच अपेक्षा असते आणि मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, ती पुरी करतो.

पहिल्यांदा बहुतेकांचा हात ‘शेल’ या आज्ञेकडे जातो. पण शेल फक्त प्रोग्रॅम चालू करते. नुसत्या पीडीएफचा पत्ता दिला तर एरर येते. सोबत अ‍ॅक्रोबॅटचा पत्ता लिहिला, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो वेगळ्याच ठिकाणी असतो. कोणत्या एक्स्टेन्शनला कोणता प्रोग्रॅम लागतो, याची नोंद विंडोजकडे आधीच असते. तेव्हा मॅक्रोने फाइल विंडोजच्या हाती सोपवावी. एक्सेलमधली ‘फॉलो हायपरलिंक’ ही आज्ञा हेच करते. मात्र फाइलच्या नावात हॅशची खूण असेल, तर तिच्यापुढचा मजकूर ती दस्तऐवजातली जागा समजते आणि फाइल सापडत नाही. अशा वेळी ‘शेल अ‍ॅप्लिकेशन’ या ऑब्जेक्टची ‘ओपन’ आज्ञा कामी येते.

खरी गोम मराठी नावांत आहे. मॅक्रो लिहिण्याचा एडिटर नव्वदच्या दशकातला, युनिकोड न कळणारा. देवनागरीसाठी विंडोजमध्ये या एडिटरला वापरता येईल असे जुन्या पद्धतीचे कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, नाही. त्यामुळे कोडमध्ये ‘विमा’ टाइप केले की प्रश्नचिन्हे उमटतात. उपाय सोपा आहे: पत्ता कोडमध्ये न लिहिता शीटच्या सेलमध्ये ठेवायचा आणि मॅक्रोने तो तिथून वाचायचा. सेलला देवनागरी व्यवस्थित कळते. फाइल जागेवर आहे का, हे तपासायला नेहमीची ‘डिर’ आज्ञाही मराठी नावाशी अडखळते. तिथे ‘फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट’ वापरावे.

राहिली सुरक्षितता. कोणतीही फाइल उघडणारा मॅक्रो सेलमध्ये पत्ता असेल तर एखादा घातक प्रोग्रॅमही निमूटपणे चालवेल. १९९९ साली ‘मेलिसा’ हा मॅक्रो व्हायरस वर्डच्या फाइलमधून ईमेल यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून अडवू लागली. आपल्या मॅक्रोतूनही भलतेच काही चालू नये म्हणून पीडीएफ, वर्ड, एक्सेल, फोटो एवढ्याच एक्स्टेन्शनची यादी कोडमध्ये घालावी आणि बाकी सगळ्याला नकार द्यावा. टँकरच्या कागदांसाठी याहून अधिक प्रकार लागतच नाहीत.